उपासानंतरचा आकडा

२६ नोव्हेंबर
वाईट कोलेस्टेरॉल ७.२. तीनच्या आत हवं म्हणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रादिसाव, गोळी सुरू करा. कायमची." मी म्हटलं, तोंडावाटे आलंय, तोंड बंद केलं की जाईल. परवापासून नाताळचा उपास, चाळीस दिवस (आमचा नाताळ जुन्या पंचांगाने, सात जानेवारीला) — मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. संपत आला की परत रक्त काढा, मग बोलू.

१ डिसेंबर
डुक्कर कापलं. चरबीचे तुकडे कढवायला नेहमीप्रमाणे मीच. रंग यायला दूध कधी शिंपडायचं, आच कधी ओढायची, हे मला कुणी शिकवायला नको. यंदा चाखता येईना, म्हणून मीठ बघायला शेजारच्या ल्युबिसावला बोलावलं. "नीट कळलं नाही रे, अजून एक दे." अर्धी परात संपेपर्यंत त्याला कळलं नाही.

९ डिसेंबर
पुस्तक आणलं. यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल बनवतं! खाण्यातून येतं त्याहून कितीतरी जास्त. आणि 'चांगलं' नि 'वाईट' हे मुळात एकच — गाड्या वेगळ्या. एक धमन्यांत टाकत जाते, दुसरी उचलून यकृताकडे परत आणते. मग माझ्या उपासाने नक्की कुठली गाडी थांबते? पुस्तकात धड सांगितलेलं नाही.

१९ डिसेंबर
संत निकोलाचा सण. उपासाला चालतो म्हणून मासा, आणि राजमा. बायको म्हणते, "विजार आता सुतळीने बांध." वजन उतरलंय. जिंकलो समजा.

४ जानेवारी
नाताळ तीन दिवसांवर. आकडा — ६.७.
रक्ताची नळी माझीच ना, दोनदा विचारलं. माझीच.
डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "मोजे काढा." टाचेमागची शीर चिमटीत धरून पाहिली. जाड आहे; कोलेस्टेरॉल तिथेही साठतं म्हणे. मी समजायचो, बुटांमुळे.
"वडील कशाने गेले?"
"नांगर धरून उभे होते, तसेच पडले. बेचाळिसाव्या वर्षी."
"खायचे काय?"
"तेव्हा काय मिळायचं? कोबी."
कोबीत कुठली चरबी! म्हणजे हे ताटातलं नाही. रक्तातलं आहे.
"मुलं?"
"एकच. मिलुंका. सतराची. अगदी काटकुळी, मांसाला शिवत नाही."
"तरी घेऊन या."

१४ जानेवारी
मिलुंका: ६.१.
गोळी तळहातावर धरून बसली. "बाबा, तुम्ही घेत नाही. मग मी का?"
दोन पेले पाणी भरलं. आधी मी घेतली.