डॉक्टर आलबेल कोण लिहितं?

प्रिय पापा,

डॉक्टर आलबेल कोण लिहितं? रविवारी जेवताना तू विचारलंस आणि मी ताटातल्या शिंपल्या चिवडत बसले. तू म्हणालास, "बघा, बाईसाहेबांना साप्ताहिकात नोकरी काय लागली, बापापासूनसुद्धा गुपितं!" आई हसली, मीही हसले. पण खरं सांगू? मला उत्तर देताच येत नव्हतं. आजही एका नावात देता येणार नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

तुला आठवतं, लहानपणी बुधवार म्हणजे हेच साप्ताहिक, "खेकडा", यायचा वार होता. तू गोदीतून येताना अंक घेऊन यायचास, हात धुवायच्या आधीच पान उलटायचास आणि मागच्या पानांवर तुझ्या बोटांचे काळे ठसे उमटायचे. आई ओरडायची. आधी "महापौरांना पडलेलं स्वप्न", मग "या आठवड्याची माफी", ज्यात कुणीतरी बडा माणूस अशी माफी मागायचा की चूक दुसऱ्याचीच वाटावी. आणि शेवटी, मुद्दाम राखून ठेवलेला, चौकटीतला डॉक्टर आलबेल. तुटलेल्या कमरेपासून बहिऱ्या कानापर्यंत कुठलीही तक्रार आणा, डॉक्टर म्हणणार, काही झालेलं नाही, कामावर जा. तू मोठ्याने वाचायचास आणि तुला शेवटच्या ओळीपर्यंत पोचताच यायचं नाही, इतका हसायचास. मला वाटायचं, एवढं सुचणारा माणूस किती हुशार असेल! पदवीच्या वर्गात मी मोठेमोठे ग्रंथ वाचले, पण मनात तोच होता. आपल्या घरातली पहिली पदवी आईने टीव्हीच्या वर टांगली आणि तू म्हणालास, "एवढं शिकून आता विनोद करायला जाणार?" मी जाणारच होते. मला त्या माणसाला बघायचं होतं.

पापा, तो माणूस नाहीच. सोलांज नावाच्या बाई आहेत, साठीच्या, केस पुरुषासारखे कापलेले, आवाज घोगरा. पहिल्याच दिवशी मी उत्साहाने म्हटलं की आलबेलसाठी माझ्याकडे काही कल्पना आहेत. त्या म्हणाल्या, "कल्पना लढवायच्या असतील तर महापौरांच्या स्वप्नात जा, पोरी. आलबेलला कल्पना चालत नाही." मला तो अपमानच वाटला. मग शनिवारी त्यांनी मला सोबत नेलं. आपल्याच गावात, केर्मोरच्या बाजारात, चीजवाल्याच्या मागे जो कॉफीचा गाडा आहे ना, तिथल्या टेबलावर. तू किती वेळा त्यांच्या शेजारून गेला असशील!

आम्ही बसलो आणि माणसं यायला लागली. बाजाराच्या पिशव्या हातात, उभ्याउभ्याच. क्रेन चालवणारा एक जण म्हणाला, "घ्या मॅडम, आजचा ताजा मासा. डॉक्टर मला म्हणाला, तुमचे कान ठणठणीत आहेत, तुमची बायकोच हळू बोलते!" त्याची बायको मागून एवढ्या जोरात खेकसली की कबुतरं उडाली. मासळीच्या कारखान्यातली एक बाई आली, मनगटाला पट्टा. "मला विचारतो, घरी फार विणकाम करता का? मी म्हटलं, डॉक्टर, सुई धरता आली असती तर तुमच्या दारात कशाला आले असते?" सोलांज एक शब्द बदलत नव्हत्या. दोनदा म्हणवून घ्यायच्या, नेमकं असंच म्हणाला का ते विचारायच्या, आणि लिहून घ्यायच्या. बुधवारी ते तसंच्या तसं छापून आलं. नाव नाही, गाव नाही, फक्त डॉक्टर आलबेल.

मी थक्क झाले, पापा. आमच्या अख्ख्या अंकात ज्याला लोक सगळ्यात जास्त हसतात, त्या चौकटीत बनवलेलं एक अक्षर नाही. इतक्या वर्षांत कधीच नव्हतं. कंपन्यांच्या डॉक्टरांनी खरोखरच्या माणसांना तोंडावर सांगितलेली वाक्यं आहेत ती. मी सोलांजना विचारलं, मग हे गंभीरपणे पहिल्या पानावर का नाही छापत? त्या म्हणाल्या, "छापलं होतं. कुणी वाचलं नाही. हसताना माणूस शेवटपर्यंत वाचतो. आणि एखादा मध्येच हसायचा थांबतो, कारण हेच वाक्य त्यालाही सांगितलेलं असतं. त्या एकासाठी ही चौकट आहे." असे किती जण मग दुसऱ्या डॉक्टरकडे गेले, किती जण वेळेवर गेले, ते त्या टेबलाशी बसल्यावर कळतं. लोक नुसतेच येतात, सोलांजच्या खांद्याला हात लावतात, अर्धा किलो चेरी ठेवून जातात.

आता रविवारचं. तो प्रश्न विचारायच्या आधी तू गोदीतल्या तपासणीचा किस्सा सांगितलास. जिना चढताना धाप लागते म्हटल्यावर डॉक्टर तुला म्हणाला, "समुद्राची हवा आहे, छातीत मुरायचीच." तू त्याची नक्कल केलीस, भुवया वर करून. "अगदी आलबेल शोभला!" म्हणालास आणि हसता हसता खोकलास, आणि आईने पाण्याचा पेला पुढे केला. मीही हसले होते. पेला तोंडाला लावलेला तुझा चेहरा पाहिला आणि थांबले.

सोमवारी सोलांजना सांगितलं, छापण्यासाठी नाही, नुसतंच. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हे वाक्य मी एकदा छापलंय. कुणाचं ते सांगेनात. संध्याकाळी त्यांनी मारिवोनकाकूंना फोन करून परवानगी घेतली आणि मग सांगितलं. ते त्यांच्या नवऱ्याचं होतं, आपल्या वारलेल्या तांगीकाकांचं.

आपल्या स्वयंपाकघरात तो अंक त्यांनीच वाचून दाखवला होता, पापा. मी टेबलाखाली खेळत होते. "समुद्राची हवा!" म्हणत त्यांनी टेबलावर मूठ आपटली होती आणि तुम्ही दोघं डोळे पुसत होतात. स्वतःचंच वाक्य ते तुला वाचून दाखवत होते. तेव्हा त्यांना खरा आजार कळला होता, उशिरा. काकू फोनवर सोलांजना म्हणाल्या, काकांना तुला थेट सांगायचं धाडस झालं नाही; त्यांना वाटलं, तू हसता हसता थांबशील. तू तेव्हा थांबला नाहीस, कारण तेव्हा तुला धाप लागत नव्हती. तुझ्याच शेजारी, त्याच जहाजांच्या पोटात, तीच धूळ खाल्लेला माणूस मृत्यू छातीत घेऊन तुला हसवत होता. एवढं मोठं मन मी कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही.

आलबेलचं हे गुपित सोलांजना विचारूनच घरात सांगतेय. तुझं वाक्य मी छापायला दिलेलं नाही. ते तुझं आहे, द्यायचं की नाही ते तू ठरव. पण दुसरं एक काम तुला न विचारता करून टाकलंय. नांतच्या मोठ्या रुग्णालयात छातीच्या डॉक्टरांची मंगळवार सकाळची वेळ तुझ्या नावाने घेतली. आईने शाळेच्या स्वयंपाकघरातली पाळी बदलून घेतली आहे, ती तुझ्याबरोबर येतेय. गोदीत तुझी रजा मी फोन करून कळवली. तू चिडशील. चीड, पण गाडीत बस. मी नांतच्या स्टेशनवर उभी असेन.

तुझीच,
नोल्वेन