खिडकी लागेपर्यंत

मी, बाबांची धाकटी मुलगी, वय सव्वीस, अविवाहित, हौशी रेडिओची परवानाधारक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाचं तसं सांगता येत नाही. मंगळवारी त्याची झडप बदलायची आहे. "वाचेन ना?" या प्रश्नावर सर्जननी फाइल चाळली, म्हणून हा कागद.

१. माझी बँकेतली शिल्लक आणि कपाट आईला.

२. माझा रेडिओ सेट, गच्चीवरची तार आणि बाबांची संदेश वाजवायची पितळी मॉर्स-की दादाला. मात्र परवाना मृत्युपत्राने देता येत नाही, आणि परवान्याशिवाय संदेश पाठवणं गुन्हा आहे. म्हणून दादा परीक्षा पास होईपर्यंत सेट क्लबच्या मास्तरांकडे राहील. अर्ज भरून माझ्या खणात ठेवला आहे. फोटो तेवढा चिकटवायचा. हा नियम मी स्वतः एकदा मोडला आहे. परवाना यायच्या नऊ दिवस आधी मी ती मॉर्स-की दाबली आणि पलीकडून कुणीतरी उत्तर दिलं. लॉगबुकात तशी नोंद नाही. ती इथे करते.

३. जुना रिसीव्हर आणि सरावाचा बझर दादाला आजपासूनच. सुरुवात ऐकण्यापासून करायची असते. नवा, महागडा सेट आधी घेऊ नये.

४. हे कलम सगळ्यांत महत्त्वाचं. बाबा तारघरात होते. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. डाव्या हाताचं एक बोट तेवढं चालतं. पलंगाच्या फळीवर ते टक करतात तो बिंदू, नख ओढतात ती रेघ. लहानपणी आजारपणामुळे मला दहा वर्षांची होईपर्यंत शाळेत घातलं नव्हतं. बाबांनीच मला अक्षरं अशी शिकवली. म्हणून त्यांचं बोलणं घरात फक्त मला कळतं. मी गेले तर बाबा बोलत राहतील आणि कुणाला पत्ता लागणार नाही. ऑपरेशनपेक्षा मला याची भीती वाटते. दादाने मॉर्स शिकावं. विनंती लिहिणार होते, अट लिहिते.

५. गेल्या वर्षी जेवताना दादाने बाबांच्या बोटावर हात ठेवला होता. "बाबा, पुरे ना ती टकटक. डोकं उठतं." बाबा पाणी मागत होते. नंतर मी ते सांगितलं, तर म्हणाला, "मग तू आहेस की." कलम ४ पाळलं गेलं तर ही तक्रार रद्द समजावी.

६. ऑपरेशन ठरल्यापासूनच्या आठ दिवसांत दादा मास्तरांकडे सगळी अक्षरं शिकला, पण तो बिंदू-रेघा बोटांवर मोजतो. मास्तर म्हणाले, "मोजू नकोस रे. तुला कुणी हाक मारली तर अक्षरं मोजतोस का?" दादा म्हणाला, "मास्तर, हे शिकायचं वय आहे का माझं?" मास्तरांनी पुढचं अक्षर वाजवलं.

७. दोन्ही साक्षीदार, मास्तर आणि खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका, समोर बसले आहेत. यातलं काहीही त्यांना मिळणार नाही. दहा मिनिटं झाली, बाबा फळीवर रोमन अक्षरांत एकच शब्द वाजवत आहेत: थंडी. खिडकी उघडी आहे. माझी खुर्ची तिच्यापासून दोन हातांवर आहे. मास्तरांनाही कळतंय, पण त्यांना मी सांगू दिलेलं नाही. दादा कागद-पेन्सिल घेऊन बसला आहे. दुसऱ्या अक्षराला, म्हणजे एचला, चार टक होते, त्याने तीन लिहिले. मग अंदाजाने पाणी आणून दिलं. बाबांनी तोंड फिरवलं.

शिंपीकाका म्हणतात, "पोरी, सांगून टाक गं. बघवत नाही."

आज मी सांगितलं तर बुधवारी कोण सांगणार? खिडकी लागेपर्यंत मी सही करणार नाही.

दादाने पेन्सिल खाली ठेवली. डोळे मिटले. "बाबा, परत एकदा. हळू." बाबांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

दादा उठला. खिडकी लावली. माझ्याकडे पाहिलंही नाही. बाबांच्या पायांवर पांघरूण ओढलं.

कलम ५ रद्द. सही करते.

स्थळ: बाबांची खोली
शनिवार, १४ डिसेंबर, दुपारचे चार वाजून वीस मिनिटं

(सही) बाबांची मुलगी

आमच्या देखत सही झाली:
१. (सही) रेडिओ क्लबचे मास्तर
२. (सही) खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका