पाळणाघरात टाकलं

आई, तुला जाऊन चौदा वर्षं झाली आणि तुझ्यावर चिडायची वेळ मात्र माझ्यावर आत्ता आली. माझी लेक दोन वर्षांची आहे, तू तिला पाहिलं नाहीस. मी नागापूरच्या एका कारखान्यात तयार माल तपासायचं काम करते, कंत्राटावर. तिचे बाबाही तिकडेच एका कारखान्यात आहेत, पण त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. म्हणून लेक दिवसभर सावेडीतल्या पाळणाघरात असते. आणि जो उठतो तो मला तुझंच उदाहरण देतो. "तुझी आई नव्हती का नोकरी करत? तेव्हा कुठं होती गं पाळणाघरं?" ऐकून ऐकून कान किटले माझे. जणू एका हातानं तू फळ्यावर लिहीत होतीस आणि दुसऱ्या हातानं मी आपोआप वाढत होते.

तेव्हा काय होतं ते मला ठाऊक आहे, तूच हसत हसत सांगायचीस. श्रीगोंद्याजवळची दोन खोल्यांची शाळा. वर्गाच्या मागच्या बाजूला, छताच्या वाशाला तुझ्या जुन्या साडीची झोळी, झोळीत मी, आणि झोका द्यायला चौथीतल्या पोरी, आळीपाळीनं. एकदा तपासणीला साहेब येतात, झोळी बघतात आणि म्हणतात, "बाई, हा वर्ग आहे का बाळंतिणीची खोली?" तू खडू खाली ठेवतेस. "साहेब, हिला घरी ठेवली तर मीही घरीच. मग या चाळीस पोरांना कोण शिकवणार, तुम्ही?" तुझं हे उत्तर गावानं मिरवलं, मीही मिरवलं. पण मागं श्रीगोंद्याच्या बाजारात त्या झोकेवाल्या पोरींपैकी एक भेटली. आता सासू झालीय. माझा हात धरून म्हणाली, "तू लई रडायचीस बघ. तुज्या झोक्यापायी माजे पाढे राह्यले ते राह्यलेच." ती हसत होती, मला हसू आलं नाही. तुझं पाळणाघर फुकट नव्हतं, आई. ते त्या पोरी चालवत होत्या, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तूसुद्धा नाही.

मला कुणाच्या पोरी राबवायच्या नाहीत, म्हणून मी फी भरते. जवळजवळ अर्धा पगार जातो, आणि सहाच्या पुढं गेलं की दर अर्ध्या तासाचे वेगळे. चालवणाऱ्या ताईंना तरी काय बोलू? बारा पोरं, दोघी बायका, वर जागेचं भाडं. अंगणवाडीत घालावी तर ती अजून तीनची नाही, आणि अंगणवाडी तर दुपारीच सुटते. सासूबाईंचं श्रीरामपूरला दुकान आहे, ते बंद करून त्यांनी का यावं? पण फोनवर म्हणतात, "टाकलीस व्हय पोरीला पाळणाघरात?" बघ ना, शाळेत मूल घालतात आणि पाळणाघरात टाकतात. टाकते ती पण आईच. बापानं टाकलं असं मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. परवा हे म्हणाले, "अर्धा पगार तिकडंच जातो तुझा, मग कशाला एवढी ओढाताण?" मी भडकलेच. "फी माझ्याच पगारातून का वजा होते हो? लेक काय मी एकटीनं आणली?" दुसऱ्या दिवशी तिचा डबा मीच भरला आणि सोडायलाही मीच गेले.

आता कायम करायच्या लोकांची यादी होतेय. माझे तीन खाडे आधीच झालेत, एक तिचं पोट बिघडलं म्हणून, दोन पाळणाघराला सुट्टी होती म्हणून. चौथा झाला तर नाव कापू, असं साहेबांनी तोंडावर सांगितलंय. कायम झाले की पगार वाढेल, रजा मिळतील, निदान ती आजारी पडल्यावर घरी बसता येईल. म्हणजे तिच्याजवळ बसायची रजा मिळावी म्हणून आज तिच्याजवळ बसायचं नाही. हा कसला हिशोब, सांग मला.

काल दुपारी पाळणाघरातून फोन आला. "ताई, बाळाचं अंग तापलंय हो. सकाळी होता का ताप?" ताप असलेलं मूल त्या घेत नाहीत, आणि बरोबरच आहे, बाकीच्यांना लागण होते. मी म्हणाले, "नाही हो, सकाळी तर चांगली खेळत होती. पाचपर्यंत तेवढी सांभाळा, वेगळे काय ते देते." त्यांनी ओल्या घड्या ठेवल्या कपाळावर, एक पैसा जास्त घेतला नाही. उलट मलाच म्हणाल्या, "काळजी करू नका, पोरांचं असं अचानक होतं."

अचानक नव्हतं, आई. सकाळी उठल्या उठल्या मी ताप मोजला होता. औषध पाजलं, अंग गार लागेपर्यंत मांडीवर घेऊन बसले, आणि गार लागल्याबरोबर तिला सोडून आले. हे मी यांनाही सांगितलेलं नाही. लिहून झालं की हा कागद फाडून टाकीन.

माझं नाव अजून यादीत आहे.