जखम भरली म्हणून झालेली बदली

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
रुग्ण समाधान कक्ष, अमरावती.

विषय : मौजे भोनखेड येथील डॉक्टर मॅडमची बदली रद्द करणे व माझ्या आईचे मत खारीज करणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाकडून आईच्या मोबाईलवर आलेला फोन (रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज).

महोदय,

माझ्या आईचा पाय आपण सडवत आहात. माझे शिक्षण सातवी. पुढचे वाचन मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसून केले. त्यामुळे गोल गोल लिहिता येत नाही, सरळ लिहितो.

१) माझी आई पार्बताबाई हिला जुनी शुगर आहे. मागच्या वर्षी तळपायाला काटा लागून जखम झाली. आम्ही तिला तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात नेले. तिथे रोज सलाईन. आई पंख्याखाली पडलेली, नातेवाईक बिस्किटपुडे घेऊन भेटायला येत. आई अत्यंत समाधानी होती. जखम मात्र पंधरा दिवसांत दुप्पट झाली.

२) पैसे संपल्यावर नाइलाजाने गावच्या सरकारी दवाखान्यात आलो. तेथे डॉ. अलीझा खान मॅडम होत्या. त्यांनी खाली बसून आईचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, मेलेली कातडी काढली, जखम धुतली आणि म्हणाल्या, "आजी, सलाईननं हे भरत नाही. गोळ्या वेळेवर घ्या, चप्पल बदला अन् पाय वर करून बसा." दर आठवड्याला हेच. तीन महिन्यांत जखम भरली. आई बाजाराला चालत जाऊ लागली.

३) तरी आई नाराज. "पोरगी बोलते लय, देत काईच नाही. आंगात काई गेलंच नाही तं बरं कायनं वाटीन?" साहेब, यात आईचा एकटीचा दोष नाही. सलाईन लावलेल्या बाईला भेटायला लोक येतात. पाय वर करून घरी बसलेल्या बाईला आळशी म्हणतात.

४) अशात आपला फोन आला. समाधानी असाल तर एक दाबा, नसाल तर दोन. आईने दोन दाबले. मी विचारले, "आई, काहून दाबलं दोन?"

"मंग? सुई नाही, सलाईन नाही. सरकारसंगं खोटं बोलू का?"

"पण जखम भरली ना तुही!"

"ते तं माह्या नशिबानं भरली."

गावातल्या बहुतेकांनी असेच खरे बोलून दोन दाबले. असमाधान वाढल्यामुळे मॅडमची बदली चिखलदऱ्याच्या पलीकडे झाली. तिथे मोबाईलला रेंज नाही असे ऐकतो. म्हणजे तिथे त्यांच्याविषयी कोणीही असमाधानी होऊ शकणार नाही, याबद्दल आपले अभिनंदन.

५) आता नवीन डॉक्टर आले आहेत. माणूस वाईट नाही. शिकलेला आहे, पण घाबरलेला आहे. येईल त्याला सलाईन लावतात. व्हरांड्यातसुद्धा बाटल्या लटकल्या आहेत. मी हटकले तर हळूच म्हणाले, "गावंडे, सलाईन लावली का कोणी दोन दाबत नाही. माही बी बदली करता का?" त्यांचा हा प्रश्न मी आपल्याकडे पाठवत आहे. उत्तर असल्यास त्यांना कळवावे.

गाव खूश आहे. आपल्या भिंतीवरचा आलेख वर गेला असेल. आपला फोन पुन्हा आला तेव्हा आईने तर बाईचे बोलणे पुरते होऊ न देता एक दाबले.

आणि त्याच पायाला पुन्हा जखम झाली आहे, पट्टीबाहेर दिसणारी करंगळी काळी पडली आहे. पट्टी बांधून नऊ दिवस झाले. ती सोडून बघायला नवीन साहेबांना सवड नाही, कारण बाटल्या बदलायच्या असतात. मी सोडायला गेलो तर आई हात झटकते, "डाक्टरनं बांधली हाय, तू कोण?" अकोल्याला मोठ्या दवाखान्यात चल म्हटले तर म्हणते, "इथं सारं भेटून राहिलं, कायले जाऊ?" इतक्या समाधानी बाईला मी गाडीत कसे घालू?

सबब, आईचे पहिले मत रद्द धरून मॅडमना परत आणावे. ते नियमात बसत नसेल तर मॅडमच्या टेबलाजवळ एक बाटली नुसती लटकवण्याची परवानगी द्यावी. नळी जोडू नये. लोक बाटलीकडे बघत बसतील, तोवर मॅडम जखम धुतील. तेही जमत नसेल तर फोनवरच्या बाईला समाधान विचारणे बंद करून, जखम भरली का, एवढेच विचारायला सांगावे.

पण हे सगळे नंतर. करंगळी थांबणार नाही. आपल्या कक्षातर्फे माझ्या आईची पट्टी सोडून बघणाऱ्या एका माणसाचे नाव आणि तो कोणत्या दिवशी येईल, हे मला लेखी पाहिजे. असा माणूस नसेल तर तसेही सही-शिक्क्यानिशी लिहून द्या.

उत्तराची वाट बघणारा,
देवानंद खुशालराव गावंडे
मु. पो. भोनखेड
दि. ४ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) आईच्या पायाचे दोन फोटो. एक असमाधानी असतानाचा, एक आज सकाळचा.
२) तिकीट लावलेले पाकीट. वरचा पत्ता मी लिहिला आहे. आतला कागद आपण लिहायचा आहे.