मागे कोणी नाही

१६ फेब्रुवारी, रविवार दुपार

प्रिय छोट्या,

हे पत्र पोचेल तेव्हा तुझ्या घरात सर्दीपलीकडे काही दुखणं नसेल असं धरून चालते. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. डिसेंबरपासून तुझे चार फोन मी उचलले नाहीत, आणि जे उचलले ते हवापाण्याचं बोलून ठेवून दिले. फोनवर मी हसून विषय बदलते. कागदावर ते जमणार नाही, असं वाटतंय.

आधी बातम्या. जिन्यातला दिवा घरमालकाने अखेर बदलला. माझा गुडघा कुरकुरत नाही. आणि नोव्हेंबरपासून मी धावते. हसू नकोस. दर शनिवारी सकाळी आम्ही चौघं गावाबाहेरच्या टेकडीवर जंगलवाटेने धावतो: बेकरीवाला, त्याची नर्स बायको, माझी शाळेपासूनची मैत्रीण ग्रंथपाल आणि मी. पन्नाशीची माणसं कानटोप्या घालून धापा टाकत चढतात, गवतावरचं दव गोठून पायाखाली करकरत असतं. बेकरीवाला पहाटेपासून भट्टीपाशी राबून येतो आणि तरी सगळ्यांच्या पुढे. मी शेवटी. शेवटच्याचं काम एकच, आपल्या मागे कोणी राहू द्यायचं नाही.

ती जागा मी मागून घेतली होती. सगळ्यांना वाटलं, शाळेची बस चालवणारी बाई, मोजणी करायची सवय आहे. खरं कारण वेगळं होतं. मी मुळांना अडखळत होते. दोनदा आपटले, बुटांना नावं ठेवली, नवे महागडे बूट घेतले, तरी अडखळले. मग युक्ती सापडली. ग्रंथपालचं लाल जाकीट नजरेत धरून तिच्या मागे राहायचं, ती जिथे पाय टाकेल तिथेच आपण टाकायचा. असे दोन महिने निघाले. सगळे म्हणायचे, किती सुधारलीस.

जानेवारीच्या अठरा तारखेला धुकं होतं. उतारावर लाल जाकीट दिसेनासं झालं. मला वाटलं, ती पुढे गेली. मी घाबरले आणि एकटी राहू नये म्हणून वेग वाढवला. एका वळणावर काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं, म्हणून थांबले, उजवीकडे वळून पाहिलं. काही नव्हतं. खाली पोचले तेव्हा बेकरीवाल्याने विचारलं, "मागे कोणी नाही ना?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

ग्रंथपाल कुठे, असं कुणीतरी म्हणायला दहा मिनिटं गेली. मला वाटलं होतं ती गाडीत बसली असेल. आम्ही पुन्हा वर धावलो. मी थांबले होते त्याच वळणावर, वाटेच्या कडेला दोन हात खाली, ती घसरून पडली होती. घोटा मोडलेला, ओठ निळे. नर्सने आपलं जाकीट काढून तिच्यावर टाकलं. आम्ही तिला उचलत असताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मी हाक मारली. तू थांबलीस, तोंड माझ्याकडे केलंस आणि निघून गेलीस."

थंडीने भ्रम झाला असेल, असं बेकरीवाला हळूच म्हणाला. मी गप्प बसले. धुक्याकडे बोट दाखवणं सोपं होतं. पण छोट्या, धुकं इतकं नव्हतं. दोन हातांवरचं लाल जाकीट दिसायला हवं होतं.

आता पुढचं ऐक. सोमवारी मी बस काढली. मंगळवारीही. पंधरवडाभर चालवली, मागे चाळीस मुलं. तीन फेब्रुवारीला रिकामी बस लावताना सिमेंटचा बुटका खांब खरचटला. मी उतरून पाहिलं. खांब कमरेएवढा होता आणि मला तो दिसलाच नव्हता. चाव्या आगारातल्या टेबलावर ठेवल्या आणि सरळ डोळ्यांच्या दवाखान्यात गेले.

तिथे एका पेटीत डोकं घालायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ काहीच चमकेना. मी अंदाजाने दाबू लागले. डॉक्टरीणबाईंनी यंत्र थांबवलं आणि म्हणाल्या, "न दिसता दाबू नका. किती गेलंय ते कळू दे." शाळेतली कॉपी पकडल्यासारखं झालं.

काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांची खालची आणि कडेची नजर गेलीय. गेलेली परत येणार नाही. उरलेली टिकावी म्हणून थेंब घालायचे, जन्मभर. दुखत काही नाही, हीच त्याची लबाडी. बाबा आठवतात ना, पाट ओलांडताना, उंबऱ्यावर ठेचकाळायचे? आपण त्यांना धांदरट म्हणून हसायचो.

मी बस सोडली. आता आगारात वेळापत्रकं लावते. बेकरीवाल्याला आणि नर्सला सगळं सांगितलं. ग्रंथपालकडे गेले, तेव्हा ती प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुला दिसलं नाही याचा राग नाही, त्या दिवशी गप्प राहिलीस याचा आहे, आणि तो इतक्यात जाणार नाही. तरी मी आठवड्यातून दोनदा तिचं सामान नेऊन देते. ती दार उघडते. सध्या एवढंच.

आणि आता तुझ्याशी जे बोलायचंय ते. हे मला या महिन्यातच कळलं असं नाही. दोन वर्षांपूर्वी चष्मा बदलताना दुकानातल्या बाईंनी डोळ्यांतला दाब मोजला होता. जास्त होता. लगेच तपासून घ्या, म्हणाल्या, आणि सख्ख्या भावंडांनाही सांगा, हे घराण्यात येतं. मी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. तपासलं असतं तर बस गेली असती. तुला सांगितलं असतं तर तू मला ओढत नेलं असतंस. म्हणून दोघांनाही सांगितलं नाही, तुला आणि मला. तू त्या दोन वर्षांत रोज करवतीच्या यंत्रावर उभा होतास, पात्यापाशी बोटं घेऊन. मागच्या वर्षी तुझ्या अंगठ्याला टाके पडले, तेव्हा मी तुला फोनवर "लक्ष कुठे असतं रे तुझं" म्हणाले होते. ते वाक्य मला झोपू देत नाही.

कदाचित तुला काहीही नसेल. देव करो आणि नसो. पण हे वाचल्यावर यंत्र चालू करू नकोस. आधी डोळ्यांच्या दवाखान्यात जा, तुझ्या मुलीलाही ने. कारखान्यात काय सांगायचं ते सांग, माझं नाव पुढे कर.

मग हवं तेवढं भांड. मी फोन उचलेन, पहिल्या घंटीला.

तुझी,
तुझ्या आधी स्वतःचा विचार केलेली,
ताई