धोका नाही, हात लावू नये

बाबा, तुम्ही मला शेवटपर्यंत बॉम्ब करणारी समजत होता की नाही, याचा मला अजून छडा लागलेला नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, मी निवृत्त झाले, तरी हा संशय काही डोक्यातून जात नाही.

त्याची सुरुवात आंजी गावातल्या आपल्या स्वयंपाकघरात झाली. सरकारने वाळवंटात अणुस्फोट केला तो उन्हाळा. सेवाग्रामला प्रार्थनेला जाणारा माणूस तुम्ही. ती बातमी आली त्या दिवशी जेवलाही नव्हता. आणि मी नेमकी तेव्हाच मुंबईहून आलेली, नव्या संशोधनाच्या कौतुकात. आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसला आहात. "काय करतं तू तिथं?" तुम्ही विचारता. "गॅमा किरणांचे स्फोट शोधतो आम्ही," मी म्हणते. दुसरा कुठलाही शब्द सुचला असता तर! तुमचा घास हातातच राहतो.

"स्फोट?"

"आकाशातले, बाबा. फार लांबचे. क्षणभर चमकतात आणि विझतात."

"कोनं केले?"

"कोणी नाही. कशामुळे होतात ते अजून कोणालाच ठाऊक नाही."

"आपोआप कसा होईन स्फोट? कोनी ना कोनी करतच असन," असं म्हणून तुम्ही ताटावरून उठलात.

त्यानंतर माझ्या कामाबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाही. मी सुट्टीत वाचायला आणलेल्या कागदांकडे मात्र लांबूनच बघत राहायचात, आत काहीतरी पेटेल अशा धास्तीने. मला राग यायचा. पण एक खरं की तुम्हाला आलेला वास अगदीच चुकीचा नव्हता. हे स्फोट पहिल्यांदा दिसले ते अमेरिकेच्या पाळतीवरच्या उपग्रहांना. दुसरे देश चोरून अणुचाचण्या करतात का हे बघायला ते वर सोडले होते. तुम्हाला हे सांगितलं असतं तर बोलणंच खुंटलं असतं.

मग ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात आमचा फुगा आला. हैदराबादेहून आम्ही यंत्रांची पेटी बांधून मोठाले फुगे सोडत असू. काम झालं की पेटी हवाई छत्रीला लटकून खाली उतरायची. त्या दिवशी वाऱ्याने आमचे सगळे अंदाज चुकवले आणि पेटी पडली ती थेट आंजीच्या शिवारात, तुरीत. जीपने पोचलो तर अर्धं गाव बांधावर, पण पेटीजवळ चिटपाखरू नाही. पेटीवर लिहिलेलं होतं, 'धोका नाही. हात लावू नये.'

"धोका नाई तं हात काऊन नाई लावाचा?" कोतवालाने मला विचारलं. आत नाजूक यंत्र आहे म्हटल्यावर लोक आणखीच मागे सरकले.

कोणीतरी तुम्हाला बोलावून आणलं. गावात तुमचा शब्द म्हणजे शब्द. आईने एकदा शेजारणीला 'साखर संपली' असं खोटंच सांगितलं, तर साखरेचा डबा घेऊन तिच्या दारात गेलेला माणूस! तुम्ही पेटीकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, तुरीतून चालत गेलात आणि चक्क पेटीवर बसलात. 'बसू नका' माझ्या ओठांवर आलं होतं.

"हे हवामान खात्याचं हाय," तुम्ही म्हणालात. "माही पोरगी पान्याचा अंदाज काहाडते. या, उचलू लागा."

लोक आले, पेटी जीपमध्ये चढली. यंदा अवकाळी येईल का, तेही एकाने मला विचारून घेतलं.

"बाबा, काऊन खोटं बोलले?" जीपपाशी मी विचारलं. तुम्ही धोतराला चिकटलेली तुरीची पानं झटकत राहिलात. "तुले गावात येनं-जानं हाय अजून," एवढंच म्हणालात.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. त्या वाक्याची उलटतपासणी मी अजून करतेय. माझ्यावर विश्वास असता तर खरं सांगायला तुमची जीभ अडली नसती. म्हणजे तुम्हाला ती पेटी बॉम्बच वाटत होती. पण मग बॉम्बवर कोणी जाऊन बसतं का?

हे पत्र पाठवू कुठे, इथेच राहील. फक्त एक कबूल करते. तुमचा माझ्यावर विश्वास होता असं उत्तर निघालं तर मला आवडेल, बाबा; पण तो बॉम्बच आहे असं समजून तुम्ही त्यावर बसला होतात, हे उत्तर मला जास्त हवं आहे.