टाळ्यांची जागा

जालना,
२४ सप्टेंबर १९९८

प्रिय मुकुंददादा,

साष्टांग वगैरे तुला आवडत नाही, म्हणून नुसताच नमस्कार. पुण्यात वहिनी, मुलं मजेत असतील. इथं आईचा गुडघा कुरकुरतोय आणि आई त्याहून जास्त. माझा प्रबंध रखडलाय. अलीकडचे अमेरिकन कादंबरीकार इतिहास नव्यानं कसा रचतात, सांगता सांगता त्यातली माणसं कशी बदलत जातात, ते प्रकरण चालू आहे. खरं असं एकच नसतं, जितके सांगणारे तितकी खरी, असं मी मोठ्या ऐटीत लिहून ठेवलंय.

परवा फोनवर तू सांगितलंस त्यावर मी नुसतं "बघते" म्हणाले. ते टाळायचं म्हणूनच हे पाल्हाळ.

तू तिथं नव्हतास, म्हणून नीट सांगते. मराठवाडा मुक्तिदिनाला हसनाबादेजवळच्या आपल्या गावी झेंडावंदनानंतर अण्णांचं भाषण ठरलेलं. रझाकारांच्या काळात अण्णांचा साथीदार बद्रीनाथ जमिनीखालच्या धान्याच्या पेवात लपला, निजामाच्या पोलिसांनी अण्णांना आणि दुसऱ्या साथीदाराला, कडूबाला धरलं, अण्णांनी मार खाऊन तोंड उघडलं नाही आणि कडूबा फितूर झाला. बद्रीनाथ परत आला नाही. दरवर्षी या गोष्टीत अण्णांचा मार वाढायचा आणि कडूबा आणखी नीच व्हायचा. "पेव कुणी दाखवलं?" असं अण्णा विचारायचे, उत्तर द्यायचे आणि टाळ्या पडायच्या. पोरांना ती जागा पाठ होती.

यंदा त्यांनी विचारलं, थांबले, आणि म्हणाले, "मी दाखवलं. पहिल्याच थपडेला. कडूबा बघत होता आणि मरेपर्यंत कुणाला बोलला नाही."

दादा, लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या! अण्णा हात हलवून नको नको म्हणत होते, तर टाळ्या वाढल्या. मला तिथंच रडू फुटलं.

मग कडूबाची द्वारकाबाई उठली तेव्हा कुठं सगळे गप्प झाले. "माझे मालक गेले तवा खांदा द्यायला कुणी आल्तं न्हाई," ती म्हणाली. "तारा, तू शिकलेली हायेस. खरं कोन्तं, पहिलं का आताचं? एकच सांग."

प्रबंधातलं वाक्य तिच्यापुढे उच्चारायची माझी छाती झाली नाही. मी म्हणाले, "आत्ताचं."

आता तुझं म्हणणं, अण्णांना भ्रम झालाय असं डॉक्टरांकडून लिहून घ्यावं, म्हणजे घराण्याची अब्रू राहील. नाही घेणार. मला तुझा राग आलाय आणि कीवही येतेय. इतके शुद्धीवरचे अण्णा मी आजवर पाहिले नव्हते. "मुकुंद काय म्हणाला?" असं ते रोज विचारतात. फोन कट झाला, असं मी सांगते.

रविवारी द्वारकाबाईच्या ओट्यावर, तिच्या भावकीसमोर ते पुन्हा सगळं सांगणार आहेत. तिनं त्यांना एकच अट घातलीय: "तुमचं पोरगं बराबर बाजूला बसवा. न्हाईतर उद्या तेच म्हणल, म्हातारा बरळून राह्यल्ता."

तिनं तुला कित्येक वर्षांत पाहिलेलंही नाही, तरी बरोबर ओळखलंय. तिचा हा अंदाज खोटा ठरवणं तुझ्या हातात आहे. तू नाही आलास, तर तिथं अण्णांच्या शेजारची जागा रिकामी राहील आणि का, ते मला सगळ्यांसमोर सांगावं लागेल.

तू येशील तरी, न येशील तरी, याच अण्णांची मुलगी,
तारा